जोडमावशीचं पुसणं

कुणाच्याही घरी गेलं की जोडमावशी आधी पडदे बघायची. माणसं नंतर. पडद्यावरची नक्षी कुठे संपते आणि पुन्हा कुठे सुरू होते, ती जागा तिला पाण्याचा पेला हातात येण्याआधी सापडलेली असायची. सापडली की तिचा वरचा ओठ डावीकडून जरासा उचलला जायचा, दातात काहीतरी अडकल्यासारखा.

"पाणी फार गार आहे का?" यजमानीण बिचारी विचारायची.

"पाण्याचं काही नाही हो," मावशी म्हणायची, आणि त्या घराचा निकाल तिथेच लागायचा. सख्ख्या मामेबहिणीकडे ती अकरा वर्षं गेली नव्हती. का, तर तिच्या सोफ्यावरच्या गुलाबांत दर हातभर अंतरावर तोच एक मोडका देठ होता.

कापड छापायच्या कारखान्यात मावशी सत्तावीस वर्षं एकच काम करत होती. जोड देणं. चित्र असो की फोटो, त्याचा एक चौकोन करायचा आणि चौकोनाला चौकोन लावत शेकडो मीटर कापड छापायचं, असा हा धंदा. उजवी कड डावीला आणि वरची खालचीला अशी मिळायला हवी, की चौकोन कुठे संपला ते कुणाच्या बापाला कळू नये. मावशी चौकोन उभा-आडवा मधोमध कापायची आणि चार तुकड्यांची अदलाबदल करायची. बाहेरच्या कडा आत यायच्या, मधे अधिकच्या खुणेसारखी भेग उघडी पडायची. मग इथला धागा तिथे, तिथली सावली इथे असं करत ती भेग बुजवत बसायची. पूर्वी हे ब्रशने व्हायचं. कॉम्प्युटर आले तेव्हा मावशी चाळिशीत होती. तिच्याबरोबरचे तिघे रेखाटनकार "हे आपलं काम नाही" म्हणून घरी बसले. मावशीच्या मते ते खरंच होतं; ते त्यांचं काम आधीही नव्हतं. ती चार महिन्यांत शिकली. ब्रशच्या जागी पेन आलं, कागदाच्या जागी काळी पाटी, भेग तीच राहिली.

एक गोष्ट मात्र तिने सोडली नाही. कॉम्प्युटरला हात लावण्यापूर्वी ती रंग हाताने कालवायची आणि कागदावर लावून बघायची. "स्क्रीनवरच्या रंगाला आतून दिवा असतो," ती म्हणायची. "कापडाला आतून दिवा नसतो. हे कळायला अक्कल लागते, कोर्स नाही." ब्रश पुसायला टेबलाशेजारी खिळ्यावर एक जुनं सुती फडकं असायचं. वीस वर्षांचं. त्यावर पडला नाही असा रंग कारखान्यात नव्हता. एकदा घाईत वाळवताना त्यावर इस्त्री विसरली होती, त्याचा एक करपलेला डाग होता, आणि खाली तपकिरी-लाल रंगाचा मोठा फटकारा. कुणी त्याला हात लावलेला मावशीला खपायचं नाही. तरी ते होतं पुसणंच.

तिला हवं होतं ते एवढंच, की कापडाच्या कडेला आपलं नाव यावं. छापील कापडाच्या कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडलेली असते. तिच्यावर रंगांचे गोल ठिपके, कारखान्याचं नाव आणि शेवटी "रेखाटन" लिहून ज्याने केलं त्याचं नाव. ही पट्टी शिवताना आत दुमडली जाते किंवा कापून टाकतात. जगात ती कुणी वाचत नाही. तरी मावशीला ती हवी होती. सत्तावीस वर्षांत चार रेखाटनकार येऊन गेले, चौघांची नावं छापली गेली आणि चौघांचे मोडके देठ हिने जोडले. पट्टीसुद्धा हीच बनवायची. वाटेल त्या दिवशी आपलं नाव टाकता आलं असतं. पण आपणच टाकलेलं नाव म्हणजे आपणच वाजवलेल्या टाळ्या, असं तिचं मत होतं. आता निवृत्तीला सहा महिने उरले होते. "जाण्यापूर्वी एका कापडावर तुमचं नाव नक्की," असं मालकांनी चारचौघांत सांगितलं होतं.

मालकांना कापडातलं दोनच गोष्टींपुरतं कळायचं. गुंडाळी कुठून सोडायची आणि गिऱ्हाइकाला खुर्ची कुठली द्यायची. बाकी ते "आपण सगळे एका घरातले" म्हणायचे, आणि ज्या दिवशी हे म्हणायचे त्या दिवशी कुणाच्या तरी ताटातलं काहीतरी उचललं जायचं.

अशाच एका दिवशी त्यांची सून मावशीच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन आली. सून सहा आठवड्यांचा कोर्स करून वस्त्रकलाकार झाली होती. मोबाइलवर फोटो काढायचा, त्याला दहा-बारा इफेक्ट लावायचे आणि जो लावल्यावर मूळ फोटो ओळखू येत नाही तो ठेवायचा, ही तिची कला. मावशीने तिचं नाव इफेक्टराणी ठेवलं होतं. समोर मात्र "सूनबाई".

"मावशी, दातांच्या दवाखान्याच्या पडद्यांची डिझाइन झाली. बघा आणि हे काय आहे ते ओळखा."

मावशीने बघितलं. ओठ डावीकडून उचलला गेला.

"माझं पुसणं."

"काय?"

"पुसणं. तुमच्या पाठीमागे खिळ्यावर आहे."

सून वळली. फडकं बघून जराही ओशाळली नाही. "तुम्हाला त्यात पुसणं दिसतं. मला त्यात प्रवास दिसला."

"कुठून कुठे?"

"म्हणजे?"

"प्रवास म्हणालात ना. कुठून कुठे चाललंय ते फडकं? वीस वर्षं तर खिळ्यालाच आहे."

सून गोड हसली. म्हाताऱ्या माणसांना समजून घ्यायचं असतं, असं ते हसू होतं. मावशीला शिवी परवडली असती.

"बरं, द्या फाइल. जोड देते."

"जोड झालाय. आरसा लावला. डावीकडचं उजवीकडे उलटं करून ठेवलं की कडा आपोआप जुळतात. दोन सेकंद. तुम्ही दोन दोन दिवस का घालवता, मला खरंच कळत नाही."

मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आरसा. नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात सुचतो आणि दुसऱ्या आठवड्यात मार खाऊन सुटतो, तो आरसा. आरशाची खोड तिला पहिल्या महिन्यातच शिकवली गेली होती. कुठल्याही डागाला त्याचं उलटं शेजारी लावलं, की त्यातून काहीतरी बघायला लागतं. कारण एकासारखी एक अशी दोन अंगं जिवंत प्राण्याला असतात, डागाला नसतात.

ती हे सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मालक आले.

"बघितलीत ना? पोरीने कमाल केलीय. आता पट्टीवर हिचं नाव घाला हं मावशी. पहिलंच कापड तिचं."

"माझं म्हणाला होतात."

"तुमचं पुढच्याला. सहा महिने आहेत की. आपण सगळे एका घरातले."

मावशीने तोंड मिटलं.

ती दोघं गेल्यावर तिने फाइल उघडली. एक चौकोन स्क्रीनवर असेपर्यंत काही नव्हतं, नुसते रंग. मग सवयीप्रमाणे तिने नऊ चौकोन शेजारी-शेजारी, वर-खाली मांडले आणि खुर्ची मागे घेतली.

तिथे एक चेहरा होता. इस्त्रीचा एक करपलेला डाग होता, त्याचे दोन झाले होते, ते डोळे. मधल्या घडीची सुरकुती म्हणजे नाक. आणि खाली तपकिरी-लाल फटकाऱ्याला त्याचाच जोडीदार मिळून एक तोंड झालं होतं, उघडं, वरचा ओठ दोन्हीकडून उचललेला. एकदा दिसल्यावर बाकीचे रंग दिसेचनात. नऊ तोंडं रांगेत तिच्याकडे बघत होती.

प्रत्येक फाइलबरोबर तपासणीचा एक कागद असे. कडा जुळल्या, रंग बघितले, लांबून पाहिलं, अशा तीन ओळी आणि खाली सही. मावशीने पेन उचललं. कडा तर जुळल्याच होत्या. रंग तर तिचेच होते. लांबून पाहिलं? पाहिलं. तिने तीनही ओळींपुढे खूण केली, सही ठोकली आणि डबा उघडून शांतपणे जेवली. त्या दिवशीइतक्या चवीने ती कित्येक महिन्यांत जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचं दोन मीटर कापड यंत्रातून बाहेर आलं. यंत्र चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत, कारण यंत्र बंद असतानाही तो त्याच्या वरताण आवाजात बोलायचा. तो कापड हातात धरून आला.

"मावशी, याच्यातून कुणीतरी बघतंय."

"तुझं काम छापायचं. बघणाऱ्याला बघू दे."

भोंग्याने कापड खाली घेतलं, तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी सही केलीय. वाच."

"तेच म्हणतोय. तुमची सही आहे म्हणून तर मी डोळे झाकून यंत्र चालू करतो."

 पाटीवरची नसलेली धूळ मावशीने बोटाने झटकली.

भोंग्याला गुपित झेपलं असतं तर त्याला भोंगा कुणी म्हटलं नसतं. अर्ध्या तासात मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सून खिडकीशी पाठ करून उभी होती. टेबलावर नमुना पसरलेला होता आणि मालक त्याच्याकडे न बघता त्याच्याशेजारच्या पेनस्टँडकडे बघत होते.

"बसा मावशी. आम्ही विचार केला. सत्तावीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. या कापडावर तुमचंच नाव टाकू."

मावशी उभीच राहिली. माणूस इतका उघडा पडूनही इतक्या ऐटीत बसू शकतो, याचं तिला जवळजवळ कौतुक वाटलं.

"तोंड दिसलं वाटतं," ती म्हणाली.

"कसलं तोंड? ज्याला त्याला काहीही दिसतं. ढगात नाही का हत्ती दिसत."

"मग सूनबाईंचंच राहू दे की नाव."

खिडकीकडून आवाज आला. "माझं पहिलंच काम आहे, मावशी. लोक लक्षात ठेवतात."

"मला चाळीस मिनिटं द्या. आरसा काढते, रीतसर जोड देते. मग माझं नाव टाका."

"आरसा काढला तर ती माझी डिझाइन राहतच नाही," सून म्हणाली.

"आणि गाडी चारला जायचीय," मालक म्हणाले. मग त्यांनी ड्रॉवरमधून तपासणीचा कागद काढून टेबलावर ठेवला. एका बोटाने तिच्याकडे सरकवला. "लांबून पाहिलं, असं लिहिलंय. खाली सही कुणाची आहे?"

मावशीने सहीकडे बघितलं. सुरेख होती. तिची सही नेहमीच सुरेख असायची. इथे बोलायला एकच वाक्य होतं, की मला दिसलं आणि मी मुद्दाम सोडलं. ते म्हणजे या दोघांच्या पंगतीत जाऊन बसणं झालं असतं. तिला जाणवलं की आपण कालच तिथे जाऊन बसलोय.

"छापा," ती म्हणाली.

पट्टी तिनेच बनवली. रंगांचे सात ठिपके, कारखान्याचं नाव, "रेखाटन" आणि पुढे स्वतःचं नाव. सत्तावीस वर्षं मनात घोळवलेली अकरा अक्षरं टाइप करायला सहा सेकंद लागले.

आठवडाही झाला नसेल, दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. काखेत पडद्याचं गाठोडं. ते त्यांनी मालकांच्या टेबलावर टाकलं, तेव्हा पेनस्टँड आडवा झाला. मावशीला बोलावणं गेलं.

"पेशंटला तोंड उघडा असं मी सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडद्याला सांगितलेलं नव्हतं."

मालक कनवाळूपणे हसले.

"हसू नका. बँकेतले एक साहेब दाढ काढायला आले होते. खुर्चीत आडवे झाले आणि समोर हे. म्हणाले, 'डॉक्टर, याला काय केलंत तुम्ही?' आणि गेले. दाढ घेऊन गेले." त्यांनी पडद्याची शिवण उलटी केली आणि कडेची पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग मावशीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने वाचलं. "हे कोण?"

जगात ती पट्टी वाचणारं पहिलं माणूस हे असं निघालं.

"आमच्या जुन्या मावशी," मालक म्हणाले. आवाज खाली आणून, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. "आता नजर पूर्वीसारखी राहिली नाही. पण काय करणार, एका घरातले आपण."

डॉक्टरीणबाईंनी मावशीकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. त्यांनी कीव केली.

"उद्या सकाळी नवीन कापड मिळेल," मावशी म्हणाली आणि बाहेर पडली.

चाळीस मिनिटं म्हणाली होती, पस्तीस लागली. आरसा काढला. फडक्याचा मूळ फोटो घेतला, मधोमध कापला, तुकडे फिरवले. उघड्या पडलेल्या भेगेत करपलेला डाग विरघळवला, तपकिरी-लाल फटकारा ताणून पातळ केला, सुरकुती पाण्याच्या ओघळासारखी तिरकी वाहू दिली. नऊ चौकोन मांडून खुर्ची मागे घेतली. कुणी बघत नव्हतं. रंग एकमेकांत असे चालले होते, की कुठून निघाले आणि कुठे पोचले ते तिलाही सांगता येईना. हा प्रवास, सूनबाई, ती मनाशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, की पडदे इतके छान आहेत की पेशंट हात लावून बघतात. निरोप मालकांनी सुनेला वाचून दाखवला. मावशीने नव्या कापडाची पट्टी मागून पाहिली. सात ठिपके, कारखान्याचं नाव, "रेखाटन" आणि पुढे सूनबाई. ही पट्टी मावशीने केली नव्हती. भोंग्याने मान खाली घातली. "मला सांगितलं तसं मी केलं."

"तू छापतोस रे. तुझ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," मावशी म्हणाली. या वाक्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्या कारखान्यात कुणाला मिळालं नव्हतं, हे भोंग्याला कळलं नाही.

बाद झालेले पडदे मालकांनी तिला उदारपणे देऊन टाकले. "घेऊन जा. तुमचंच नाव आहे त्यावर."

ती घेऊन गेली. घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच. धाकटी शिवणकाम करायची आणि मावशीला जन्मभर ओळखत असल्याने तिला अजिबात घाबरत नसे. तिने पडदा खिडकीवर धरला, चार पावलं मागे आली आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"ताई, ही तूच आहेस."

"काहीतरी बोलू नकोस."

"अगं, बघ ना. कुणाच्या घरी पडदे बघतेस तेव्हा हेच तोंड असतं तुझं. फक्त तुझा ओठ एका बाजूने उचलतो, हिचा दोन्हीकडून."

"नाक माझं नाही."

"नाक सोडून दे. डोळे बघ. कसे जगाला नापास करतायत."

मावशीने बघितलं. रांगेने सगळी तोंडं तिच्याकडे नाक मुरडून बघत होती. सही करून डबा उघडणारी बाई अशीच दिसली असणार. तिने नजर काढून घेतली.

"खिडकीला हात-दीड हात जास्त होतोय," धाकटी म्हणाली. "कडेला नाव आहे तुझं. आत दुमडू की तसंच ठेवू? ठेवूया की. इतकी वर्षं म्हणत होतीस."

"काप."

"नाव?"

"पट्टी काप. जोड माझा नाही त्याच्यात."

"मग तुझं काय आहे?"

 "डाग," ती म्हणाली. "आण ती कात्री, मीच कापते."

खालचा जास्तीचा तुकडा तिने आधी कापला, मग वरच्या पडद्याच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या सरळ रेषेत कापल्या. खालच्या तुकड्याला नावाची पट्टी तशीच राहिली होती. धाकटी काही म्हणायच्या आत तिने तो घडी घालून पिशवीत टाकला.

सोमवारी टेबलाशेजारच्या खिळ्यावरून जुनं फडकं उतरलं. त्या जागी नवा तुकडा लागला, उलट्या बाजूने. पाठीची बाजू वर, फिकट, आणि कडेची पट्टी मात्र दुमडून पुढे मधोमध आणलेली. मावशीने रंग कालवले, ब्रश पुसला. पुन्हा कालवले. दोन महिन्यांत त्यावर निळं, पिवळं, शेवाळी असं सगळं येऊन गेलं, पण अकरा अक्षरांच्या आसपास ती जरा हात राखून पुसायची. रंग अक्षरांच्या बाजूने जायचा, अक्षरांवरून नाही. हे कुणाच्या लक्षात आलं असतं तर ती म्हणाली असती की हाताला सवय आहे.

एका दुपारी सून टेबलाशी थबकली. मोबाइल आधीच हातात होता.

"मावशी, हे नवीन फडकं काय सुंदर झालंय. फोटो घेऊ? हॉटेलच्या पडद्यांची मोठी ऑर्डर आहे."

मावशीने फडक्याकडे बघितलं, मग सुनेकडे. मधोमध नाव होतं, उभ्या आयुष्यात ते कडेलाही राहिलं नव्हतं. सून रंग बघत होती. अक्षरं तिला नक्षी वाटत असावीत. पट्टी वाचायची या घराण्याला सवयच नव्हती.

मावशीचा ओठ डावीकडून उचलला गेला.

"घ्या की," ती म्हणाली. "फक्त एक करा, सूनबाई. या वेळी आरसा लावू नका. जोड मी देते."